एकशे सत्तर डॉलर

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. आपल्या मराठीत उपकाराला चिकटून येणारे शब्द जरा आठवून पाहा. परतफेड, उतराई, ऋणातून मुक्त होणं, उपकाराचं ओझं... सगळा मामला सावकाराच्या चोपडीतला वाटतो. ज्याने दिलं त्याला परत दिलं की खातं बंद. हिशोब चोख!

पण देणारा अनोळखी असला तर? त्याचं नाव-गाव ठाऊक नसलं, किंवा तो जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली असली, तर फेड करायची कुणाची आणि कुठे? या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उत्तर कुठल्या पोथीत नाही. ते सापडलं अमेरिकेतल्या चॉक्टॉ नावाच्या एका आदिवासी जमातीच्या आणि आयर्लंडच्या गोष्टीत. शेवटी शेवटी त्यात आपल्या मालवणचाही एक धागा येतो. तेव्हा जरा धीर धरून वाचा :)

सुरुवात करावी लागेल १८३० पासून.

चॉक्टॉ लोक मूळचे मिसिसिपी भागातले. शेती करणारे, मका पिकवणारे, गावं वसवून राहणारे. मे १८३० मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याने एका कायद्यावर सही केली. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांनी आपल्या जमिनी सोडून नदीपलीकडे जावं, असा त्या कायद्याचा सरळ अर्थ. त्याच वर्षी सप्टेंबरात चॉक्टॉंबरोबर करार झाला. ‘करार’ म्हणायचं, एवढंच. सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन त्यांच्या हातून गेली. पुढची तीन वर्षं, म्हणजे १८३१ ते १८३३, हजारो चॉक्टॉ कुटुंबं टप्प्याटप्प्याने आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलली गेली. पहिल्याच वर्षी हाडं गोठवणारा हिवाळा, दुसऱ्या वर्षी कॉलरा. वाटेत किती मेले याचे अंदाज अडीच हजारांपासून सहा हजारांपर्यंत आहेत. अशा अनेक जमातींच्या वाटेला पुढे ‘अश्रूंची वाट’ हे नाव पडलं.

या प्रवासाचा एक साक्षीदार आपल्यालाही माहीत असलेला आहे. अलेक्सी द तोकव्हिल हा फ्रेंच विचारवंत तेव्हा अमेरिका पाहत फिरत होता. डिसेंबर १८३१ मध्ये तो मेम्फिस गावात नदीकाठी होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर चॉक्टॉंचा एक तांडा मिसिसिपी ओलांडायला आला. त्यात म्हातारे होते, आजारी होते, नुकती जन्मलेली बाळं होती. त्याने लिहून ठेवलंय की एवढ्या माणसांत रडण्याचा आवाज नव्हता. सगळे गप्प होते. ओरडली ती त्यांची कुत्री. मालक होडीत बसून चालले आणि आपण मागे राहणार हे कळल्यावर ती गळा काढून ओरडली आणि बर्फाळ पाण्यात उड्या टाकून होडीमागे पोहू लागली.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुढचं वाचायला दोन दिवस गेले.

मेम्फिस हे गावाचं नाव मात्र लक्षात ठेवा. ते परत येणार आहे.

*

आता अटलांटिक ओलांडून आयर्लंडला जाऊ.

तिथल्या गरिबांचं अन्न म्हणजे बटाटा. सकाळी बटाटा, रात्री बटाटा. चांगली जमीन जमीनदारांची, त्यावर पिकणारं धान्य खंडापायी जायचं. कुळाच्या वाट्याला जो तुकडा यायचा त्यावर कुटुंब जगवेल असं एकच पीक होतं. १८४५ मध्ये त्या पिकावर करपा पडला. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीकच गेलं. शेतात हिरवी दिसणारी झाडं बघता बघता काळी पडायची आणि जमिनीतून निघायचा तो सडका चिखल. १८४७ साल तर तिथे ‘काळं सत्तेचाळीस’ म्हणूनच ओळखलं जातं.

दुष्काळ म्हणजे अन्न नसणं असं आपण समजतो. पण त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. अन्न होतं, विकत घ्यायला पैसा नव्हता. लंडनच्या सरकारला काळजी वाटत होती ती फुकट खायची सवय लागू नये याची. सुमारे १० लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत तिथे सुमारे ८२ लाख लोक होते, दहा वर्षांनी साडेपासष्ट लाख उरले. त्या बेटाची लोकसंख्या आजही १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही!

लंडनच्या खजिन्यातून ही मदत हाताळणारा अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. तो आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता आणि नंतर मद्रासचा गव्हर्नर म्हणून परत इकडेच आला. तीच विचारसरणी आपल्या दख्खनने १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात भोगली. दुष्काळी कामावर राबणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असं सर रिचर्ड टेंपलने ठरवलं होतं. पुढे हाच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच दुष्काळात जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी पोरांसाठी बालाश्रम चालवला. सरकार काय करतं आणि शेजारीपाजारी काय करतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला कुणी आयर्लंडहून येऊन सांगायला नको.

तर आयर्लंडच्या बातम्या हळूहळू जगभर गेल्या, आणि कुठून कुठून मदत आली ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. अगदी सुरुवातीच्या मदतीतली एक कलकत्त्याहून गेली. तिथल्या ब्रिटिश फौजेत आयरिश शिपाई पुष्कळ होते. तिथे उभा राहिलेला निधी सुमारे १४,००० पौंडांचा होता. तुर्कस्तानच्या सुलतानाने १,००० पौंड दिले. बोस्टनहून ‘जेम्सटाउन’ नावाची लढाऊ गलबत-नौका तोफा उतरवून, पोटात धान्य भरून मार्च १८४७ मध्ये निघाली आणि पंधरा दिवसांत कॉर्कच्या बंदराला लागली. न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांनी पैसे जमवले. लंडनजवळ नदीत नांगरलेल्या तुरुंग-जहाजावरच्या कैद्यांनीही काही शिलिंग दिले. आपण ज्यांना ‘यांच्याकडे काय असणार’ म्हणू, अशांनी.

आणि मग आले चॉक्टॉ.

*

२३ मार्च १८४७. ओक्लाहोमातलं स्कलीव्हिल गाव. चॉक्टॉ भाषेत ‘इस्कुली’ म्हणजे पैसा. सरकारकडून जमातीला मिळणारी वार्षिक रक्कम या गावात वाटली जायची म्हणून त्याचं नाव पडलं स्कलीव्हिल. आपण त्याला पैसेवाडी म्हणायला हरकत नाही. तर या पैसेवाडीत, सरकारी एजंटाच्या कचेरीत, एक सभा भरली. विल्यम आर्मस्ट्राँग हा एजंट अध्यक्षस्थानी होता. त्याने एक पत्रक वाचून दाखवलं. आयर्लंडमध्ये लोक भुकेने मरताहेत, जमेल ती मदत करा, असं आवाहन होतं.

ते पत्रक कुठून आलं होतं? मेम्फिसहून. तिथल्या मदत समितीने काढलेलं!

सोळा वर्षांपूर्वी ज्या गावातून यांचे आईबाप, लेकरं, गप्प राहून नदीपार हाकलली गेली, त्याच गावातून निरोप आला होता की समुद्रापलीकडे कुणीतरी उपाशी आहे. सभेत बसलेल्यांपैकी किती जणांना मेम्फिसचं नाव ऐकून पोटात ढवळलं असेल, याची नोंद कुणी ठेवली नाही. नोंद आहे ती एवढीच की सभेत १७० डॉलर जमले. आर्कान्सातल्या एका वर्तमानपत्राने एप्रिलच्या सुरुवातीला चार ओळींची बातमी छापली. तीत म्हटलं होतं की एजंट, मिशनरी, व्यापारी आणि इंडियन अशा सगळ्यांनीच वर्गणी दिली आणि त्यातला बराच भाग इंडियन लोकांचा होता.

म्हणजे हे पैसे शंभर टक्के चॉक्टॉंचे नव्हते. पुढे गोष्ट सांगता सांगता ती रक्कमही वाढली. आकड्यांची अदलाबदल होऊन काही पुस्तकांत ती ७१० डॉलर झाली आणि बरीच वर्षं तशीच चालली. मला विचाराल तर १७० हाच आकडा जास्त बोलका आहे. आजच्या हिशोबाने पाच हजार डॉलरच्या घरातली रक्कम. दुष्काळ तर सोडाच, एखाद्या परगण्याचाही प्रश्न त्याने सुटला नसता. देणारे लोक स्वतः नव्या जागी घरं उभी करत होते, शाळा काढत होते, १८३४ मध्ये त्यांनी आपलं लिखित संविधानही केलं होतं. पण हाताशी जास्तीचा पैसा असावा असे दिवस अजून आले नव्हते.

पैसे न्यूयॉर्कच्या समितीमार्फत पुढे गेले. या समितीकडून आयर्लंडला जायचं ते मुख्यतः धान्य, आणि त्यात मोठा वाटा मक्याचा. गंमत पाहा. बटाटाही मूळचा अमेरिका खंडातला आणि मकाही. दोन्ही पिकं तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं जोपासलेली. पाश्चात्यांनी ती नेली, त्यातल्या एकाने दगा दिला आणि दुसरं पोटाला आधार म्हणून गेलं.

आणि तोकव्हिल? तो १८३५ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये होता, दुष्काळाच्या दहा वर्षं आधी. मेयो परगण्यापर्यंत फिरला, भुकेली गावं पाहिली, वहीत लिहून ठेवली. हे दोन्ही समाज आपल्या डोळ्यांनी पाहिलेला हा एक माणूस. या दोघांची एक दिवस अशी गाठ पडेल हे मात्र त्याच्याही स्वप्नात आलं नसणार.

*

इथे थोडं थांबून एक कटू गोष्ट सांगायला हवी. नाहीतर हे सगळं गोडगोड होईल, आणि ते खरं होणार नाही.

चॉक्टॉंमधल्या काही श्रीमंत घरांकडे काळे गुलाम होते. ‘अश्रूंच्या वाटे’वर मालकांच्या मागून तेही चालले, त्यांचे अश्रू तर कुणी मोजलेच नाहीत. चॉक्टॉंच्या प्रदेशातली गुलामगिरी यादवी युद्धानंतर १८६६ च्या कराराने संपली.

दुसरी बाजूही तशीच. ज्याच्या सहीने चॉक्टॉ देशोधडीला लागले त्या अँड्र्यू जॅक्सनचे आईवडील आयर्लंडच्या उत्तर भागातूनच अमेरिकेत आले होते. दुष्काळातून जीव वाचवून अमेरिकेत पोचलेल्या कित्येक आयरिश पोरांनी पोटासाठी फौजेची नोकरी धरली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पश्चिमेकडे इतर जमातींवर बंदुका चालवल्या. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत सापडलेल्या कस्टरच्या पलटणीतही आयर्लंडात जन्मलेले शिपाई मोठ्या संख्येने होते.

म्हणजे काय, तर एकाने दया दाखवली की ती आपोआप पुढे झिरपत जाते, असं काही नसतं. सोसलेला माणूस मऊ होतो असंही नाही. सासूने छळलेली सून स्वतः सासू झाल्यावर काय करते, हे आपण घरोघर पाहिलेलं आहे! मिळालेला चांगुलपणा पुढे द्यायचा तर तो आधी लक्षात ठेवावा लागतो. आणि १८४७ नंतर ही गोष्ट सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षं बहुतेक सगळे विसरलेच होते.

*

ती परत वर आली १९९० च्या सुमारास.

मेयो परगण्यात डूलॉक नावाचं एक खोरं आहे. मार्च १८४९ च्या अखेरीस तिथे एक भयंकर प्रकार घडला होता. लुईसबर्ग गावात शेकडो भुकेली माणसं सरकारी तपासणीसाठी जमली. तपासणी झाली तर धान्य चालू राहणार. पण अधिकारी मंडळी पुढे बारा मैलांवरच्या शिकारीच्या बंगल्यात मुक्कामाला निघून गेली होती. सकाळी तिथे या, असा निरोप. माणसं रात्रभर थंडीवाऱ्यात चालत गेली, तिथून रिकाम्या हाती परत पाठवली गेली, आणि परतीच्या वाटेवर कित्येक जण पडले ते उठलेच नाहीत.

त्या वाटेवरून आठवण म्हणून पदयात्रा सुरू झाली होती. १९९० मध्ये त्या यात्रेत चालायला चॉक्टॉंचे पुढारी ओक्लाहोमाहून आले. विचार करा, ‘अश्रूंच्या वाटे’वरच्यांचे नातू-पणतू डूलॉकच्या वाटेवर.

मग १९९२ मध्ये आयरिश मंडळी अमेरिकेला गेली आणि चॉक्टॉंची वाट उलट दिशेने चालली, ओक्लाहोमाहून मिसिसिपीकडे, पाचशेहून अधिक मैल. चालताना त्यांनी निधी जमवला. किती? तर १,७०,००० डॉलर. १८४७ मधल्या प्रत्येक डॉलरमागे हजार!

आता सांगा, हे पैसे कुणाला द्यायला हवे होते? सावकारी चोपडीप्रमाणे चॉक्टॉंना. मूळ मुद्दल आणि दीडशे वर्षांचं व्याज. पण ते पैसे गेले सोमालियाला. त्या वर्षी तिथे दुष्काळ होता आणि माणसं मरत होती. चॉक्टॉंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आयरिश लोकांशी त्यांचं काही नातं नव्हतं. १८४७ मध्ये चॉक्टॉ आणि आयरिश जेवढे एकमेकांना परके होते, तेवढेच हे परके.

मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. त्यांना फेडच करायची होती, आणि कुणाकडे करायची ते त्यांनी अचूक ओळखलं. देणाऱ्याने ज्या कारणासाठी दिलं, ते कारण आज जिथे असेल तिथे.

ही कल्पना अगदी नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसजवळ राहत असताना, एप्रिल १७८४ मध्ये, त्याने एका अडचणीतल्या माणसाला थोडे पैसे पाठवले. सोबतच्या पत्रात त्याने कळवलं की हे मी देत नाही, उसने देतो आहे. तुझे दिवस पालटले आणि तुझ्यासारखाच कुणी प्रामाणिक अडलेला भेटला की त्याला एवढेच दे, हीच अट घाल, म्हणजे माझे पैसे फिटले. फ्रँकलिन पक्का हिशोबी माणूस. थोड्या पैशात खूप काम करून घ्यायची ही आपली युक्ती आहे, असंही त्याने कबूल करून टाकलं होतं :)

आमच्या बाबांचाही असाच एक किस्सा आहे. घरच्यांना तो पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. १९७० च्या दशकात बाबा नोकरीच्या मुलाखतीला साताऱ्याहून पुण्याला एस्टीने निघाले आणि स्टँडवर खिसा कापला गेला. कंडक्टर खाली उतरवणार तेवढ्यात शेजारच्या धोतरवाल्या गृहस्थांनी तिकिटाचे पैसे पुढे केले. बाबांनी पत्ता मागितला, मनीऑर्डर करतो म्हणाले. तर ते म्हणाले, “पत्ता कशाला? कुणाला अडलं तर तू दे.” बस्स. त्या गृहस्थांनी फ्रँकलिन वाचला असेल असं काही वाटत नाही. बाबांना पुढे एस्टीत सुट्ट्या पैशांवरून कुणाची हुज्जत चाललेली दिसली की त्यांचा हात खिशात जायचाच. आई वैतागून म्हणायची, “अहो, ते तिकीट अजून किती वेळा काढणार आहात?”

*

पुढची गोष्ट अलीकडची आहे, पण ती सांगितल्याशिवाय साखळी पुरी होत नाही.

१९९५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन चॉक्टॉंना भेटून आल्या. नंतर कॉर्क परगण्यात, मिडलटन गावच्या एका बागेत एक शिल्प उभं राहिलं. स्टीलची नऊ गरुडपिसं, प्रत्येक वीस फुटांच्या आसपास उंच, गोलाकार उभी. मध्ये रिकाम्या वाडग्यासारखा आकार होतो. अॅलेक्स पेंटेक या शिल्पकाराचं हे काम. जून २०१७ मध्ये त्याचा सोहळा झाला तेव्हा चॉक्टॉंचे प्रमुख गॅरी बॅटन आपली माणसं घेऊन आले होते.

आणि आता तो मालवणचा धागा. मार्च २०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान स्वतः ओक्लाहोमाला चॉक्टॉंकडे गेले, आभार मानले आणि चॉक्टॉ विद्यार्थ्यांना आयर्लंडमध्ये शिकता यावं म्हणून शिष्यवृत्ती जाहीर केली. कोण हे पंतप्रधान? लिओ वराडकर! वडील डॉक्टर, मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश परिचारिका. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊनही गेले. वराडच्या माणसाचा मुलगा आयर्लंडच्या वतीने मिसिसिपीच्या लोकांचे, ओक्लाहोमात जाऊन, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मदतीसाठी आभार मानतो. कादंबरीत लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा जास्तच झालं!

मग आलं २०२०. करोनाची पहिली लाट. अमेरिकेत अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत पसरलेल्या नॅव्हाहो लोकांच्या प्रदेशात रोग फार वेगाने पसरला. मे महिन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात तिथली लागण न्यूयॉर्कच्याही पुढे गेली. तिथल्या साधारण एकतृतीयांश घरांत नळाचं पाणी नाही, आणि सगळं जग तर सांगत होतं, हात धुवा. नॅव्हाहो आणि शेजारच्या होपी कुटुंबांना पाणी आणि शिधा पोचवायला काही बायकांनी पुढाकार घेऊन जालावर निधी सुरू केला. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यांना दिसलं की देणाऱ्यांच्या यादीत आयरिश नावांची रांगच लागली आहे. कुणाचे दहा, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. रकमेशेजारी लोक लिहीत होते की १८४७ मध्ये तुम्ही आमच्यासाठी केलंत, ते आम्ही विसरलो नाही. बघता बघता ही रक्कम लाखांत गेली.

काही चोखंदळ मंडळींनी तेव्हाही म्हटलं, अहो, पैसे दिले होते चॉक्टॉंनी, हे तर नॅव्हाहो! वेगळी जमात, वेगळी भाषा. खरंच आहे. नॅव्हाहोंचा इतिहासही वेगळा. १८६४ मध्ये त्यांनाही फौजेने शेकडो मैल चालवत नेलं होतं, आणि चार वर्षांनी करार करून ते आपल्या भूमीत परत आले. पण चॉक्टॉंनी यावर तक्रार केली नाही, आनंदच व्यक्त केला. आणि का करावी तक्रार? १८४७ मध्ये त्यांनी तरी कुठे विचारलं होतं की हे आयरिश आमचे कोण?

त्याच वर्षी आणखी एक छोटीशी गोष्ट घडली, तीही सांगतो. लॅक्रोस हा खेळ मूळचा इरक्वॉय लोकांचा. २०२२ च्या जागतिक क्रीडास्पर्धेत मात्र त्यांच्याच संघाला आधी प्रवेश नव्हता, कारण काय तर ते ‘सार्वभौम राष्ट्र’ नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून दिली, त्यांना खेळता यावं म्हणून. इथे पैसे नव्हते, कुणी उपाशी नव्हतं. पण पात्र ठरलेल्या खेळाडूंनी आपली संधी सोडणं ही काही लहान देणगी नाही.

*

मी या सगळ्याचा विचार करतो तेव्हा मला त्या वर्तमानपत्रातल्या चार ओळी आठवतात. १७० डॉलरचं धान्य १८४७ च्या उन्हाळ्यातच संपून गेलं असेल. कुणाच्या पोटात गेलं, तो माणूस जगला की मेला, काहीच माहीत नाही. उरल्या त्या चार ओळी. त्या छापल्या गेल्या नसत्या तर १९९० ची पदयात्रा, सोमालियाचे पैसे, मिडलटनची पिसं, नॅव्हाहोंच्या घरी पोचलेलं पाणी, यातलं काही या वाटेने आलं नसतं.

आपल्याकडे दान गुप्त असावं असं म्हणतात. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये. देणाऱ्याने मिरवू नये हे मला पटतं. पण घेणाऱ्याने मात्र गप्प बसू नये असं मला आता वाटायला लागलंय. ज्याला मिळालं त्याने ते सांगावं, पोरांना सांगावं, लिहून ठेवावं. गाव, साल, आकडा यांसकट. आणि आकडा लहान असला तर तो लहानच ठेवावा, ७१० करू नये. आपल्या घराण्यांचे इतिहास आपण सांगतो तेव्हा कोण कुठल्या हुद्द्यावर होतं, कुणी वाडा बांधला, हे अगदी तपशीलवार येतं. १९७२ च्या दुष्काळात कुणी आपल्या घरी पायली दोन पायली ज्वारी आणून टाकली, परगावी शिकताना कुणी महिनाभर जेवू घातलं, दवाखान्यात कुणी रक्त दिलं, हे मात्र त्या माणसांबरोबरच जातं.

नातेवाईक मंडळींना म्हणूनच एक विनंती. घरात ज्यांची ऐंशी उलटली आहे अशा कुणाला तरी या दिवाळीत विचारा, “तुम्हाला अडीनडीला अनोळखी माणसाने कधी मदत केली होती?” आणि सांगतील ते उतरवून घ्या. नाव माहीत नसेल तर निदान गाव आणि साल तरी.

तुमच्याकडे अशी काही गोष्ट असेल तर मलाही जरूर कळवा. वाट पाहतो.